चाबी घासली असन!

गडचिरोलीला जाऊन आले म्हटलं की आमच्या रत्नागिरीत पहिला प्रश्न येतो, वाघ दिसला का? नाही दिसला. दिसला असता तरी मी त्याच्याकडे बघितलं नसतं, कारण माझे डोळे सारा वेळ एका पुलीवर खिळले होते. पुली म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी फिरणारं, फुलपात्र झाकायच्या ताटलीएवढं लोखंडी चाक. त्यावरून पट्टा जातो, पट्ट्यावर पंखा फिरतो. हे चाक एका रेषेत फिरायला हवं. आमचं डुलत होतं, आणि त्याच्या मागे, जीपच्या पाठीत, ओल्या गोणपाटाखाली प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत हजारो मासे जीव मुठीत धरून बसले होते. असा प्रवास मी जन्मात केला नाही आणि कुणी पुन्हा बोलावलं तर आज रात्रीची गाडी पकडेन!

चंद्रपूर

शकीला माझी वसतिगृहातली मैत्रीण. चंद्रपुरात तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, जावेदभाईंचं, जाळ्यांचं दुकान आहे. जाळी, दोर, शिशाच्या गोळ्या, सगळं मासेमारीचं सामान. मी दर्यावरच्या घरातली, वडिलांची मासेमारीची लाँच होती, त्यामुळे आमची मैत्री जाळ्यांवरूनच जमली होती. वर्षानुवर्षं ती ये म्हणायची आणि मी येते म्हणायचे. यंदा श्रावणात शाळेला जोडून सुट्ट्या आल्या आणि तिचा फोनही आला. "नीलू, येतं काय? गडचिरोलीकडं मासोळीचं बी न्याचं हाये. जावेद नागपूरले चालला. मी एकटी कशी नेऊ?"

मासोळीचं बी म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सरकारी भाषेत बोटुकली. बोटुकली! सरकारी माणसाला इतका गोड शब्द सुचला यावर माझा विश्वास बसेना. मी भूगोल शिकवते. वैनगंगा मी वर्षानुवर्षं फळ्यावर निळ्या खडूनं काढली आहे आणि प्रत्यक्षात कधी पाहिलेली नाही. मी पिशवी भरली.

पहिल्याच सकाळी माझी फजिती झाली. इकडचे पोहे वेगळेच. वर हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात. शकीलाच्या सासूबाईंनी विचारलं, "सांबार टाकू काय वो पोह्यावर?" तर्रीवर आणखी सांबार? मी घाईघाईनं नको नको म्हणाले. मग बघते तर सगळ्यांच्या ताटल्या हिरव्यागार कोथिंबिरीनं भरलेल्या आणि माझी तेवढी बोडकी. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर! शकीला इतकी हसली की तिला ठसका लागला.

न्याहारी करता करता तिनं सगळा मामला सांगितला. चामोर्शीच्या अलीकडे एक गाव आहे, तिथे ढिवरांची वस्ती, म्हणजे तळ्यात नि नदीत मासे धरणारे लोक. गावचा तलाव पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांकडे. यंदा पहिल्यांदा तो बायकांच्या गटाला मिळाला. गटाची पुढारी सुमनबाई, शकीलाची जुनी गिऱ्हाईक. वस्तीतले कारभारी सोमाभाऊ भर बैठकीत म्हणाले होते, "बायाच्या हातचं बी जगत नाई." झालं! सुमनबाईंनी ते पदराला गाठ मारून ठेवलं. पण पावसानं मध्येच दडी मारली, तलाव उशिरा भरला, आणि आता माशांच्या रोपवाटिकेत ह्या हंगामातलं शेवटचं बी उरलं होतं.

"हे मेलं तं दुसरं भेटत नाई," शकीला म्हणाली. "मंग पुढच्या साली तलाव वापस सोमाभाऊकडं."

आणि हे सगळं जाणार कशातून? जंगल सफारीतून म्हातारपणी मोडीत निघालेल्या, जावेदभाईंनी हौसेनं घेतलेल्या पेट्रोल जीपमधून. शकीलानं ती अंगणात चालू केली आणि माझ्या हातातल्या कपात चहा नाचायला लागला. गाडी जागेवर उभी असताना अशी थरथरत होती की आरशात माझी मला तीन तोंडं दिसत होती. मी बॉनेट उघडायला लावलं. पुली डुलत होती.

"शकीला, हे चाक बघ."

"म्हातारी आहे व ते. पळाले लागली का बराबर होते."

पळायला लागल्यावर बरोबर होतं हे मात्र खरं होतं.

मूलचा रस्ता

रोपवाटिकेतल्या माणसानं पिशव्या आमच्या हवाली करताना बजावलं, ऊन लागू देऊ नका, आणि गाडी थांबली तर पिशव्या हलवत राहा, पाणी निजलं की मासोळी गुदमरते. मी पिशवी उजेडात धरून बघितली. चंदेरी सुयांचा नुसता गोंधळ! रोहू, कतला, मृगळ. मी समुद्राची मुलगी, पापलेट-सुरमईपुढे गोड्या पाण्यातल्या माशाला नाक मुरडणारी. त्या क्षणी ती सगळी माझीच पोरं झाली.

मूल या गावाकडे जाणारा रस्ता जंगलातून जातो. दोन्ही बाजूंना साग, त्याची पानं सुपासारखी, मधूनच बांबूची बेटं. पाऊस उघडला होता आणि ऊन असं लख्ख की हिरव्या रंगानं डोळे दिपत होते. आमच्याकडे रस्ता वळतो, चढतो, उतरतो. इथे तो सरळच्या सरळ जात राहतो. मी उभी राहून ओरडत होते आणि शकीला मला खाली ओढत होती. इतक्यात एक मोरी आली, शकीलानं वेग कमी केला, जीप हिवताप भरल्यासारखी कापली आणि बंद पडली.

मी उडी मारून उतरले. मागून मोटारसायकलवर एक वनरक्षक आला. "बाई, इथी उतरू नका! चढा वर, चढा!"

"मग ढकलेल कोण?"

त्यानं मागे पाहिलं, पुढे पाहिलं, झुडपाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "तुमी बसा बावा," असं म्हणत त्यानंच ढकललं. जीप सुरू झाली तसा तो आमच्याही पुढे पळाला.

मूलमध्ये एका गॅरेजवाल्यानं प्लग पुसले, कार्बुरेटरमधला कचरा फुंकला आणि "आता मक्खन चालन" असं सांगितलं. लोण्याचा मागमूस नव्हता. जीप तशीच लटलटत होती. फक्त आता माझा पारा चढला होता, आणि माझा पारा चढला की मी भराभर बोलते. प्लग बरे, पेट्रोल बरं, मग पळताना ठीक आणि उभी राहिली की फिट का येते? पुली का डुलते? ही दोन दुखणी आहेत की एकच?

तेवढ्यात नागपूरहून जावेदभाईंचा फोन लागला. शकीलानं सगळं भडाभडा सांगितलं. पलीकडून तुटक तुटक आवाज आला, "चाबी पाहा... चाबी घासली असन... मागं बी घासली होती... चाबी बदलव..." आणि रेंज गेली.

शकीलानं स्विचमधली किल्ली उपसून उन्हात धरली. दाते झिजून गुळगुळीत झालेले! "पाह्य! घासलीच आहे ना!"

खोटं कशाला सांगू, मलाही पटलं. गुन्हेगार हातात सापडल्यावर पुढची चौकशी कोण करतो?

सावली

गावाचं नाव सावली, आणि आम्हाला पिशव्यांसाठी सावली सापडेना. शेवटी बाजाराच्या कडेला एका चिंचेखाली जीप लावली. एक चाब्यावाले चाचा छत्रीखाली कानस घेऊन बसले होते. त्यांनी आमची किल्ली भिंगातून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. "इतकी घासली! चालून कशी राह्यली होती ही?"

"तेच तर!" आम्ही दोघी एका सुरात म्हणालो.

चाचांनी मोठ्या मायेनं नवी किल्ली घासली. तोवर मी नि शकीला आळीपाळीनं पिशव्या हलवत होतो. बाजारातल्या बायका जमल्या. एकीनं विचारलं, "विकाले आणले काय?" शकीला म्हणाली, "नाई माय, पोसाले." नवी किल्ली आली. स्विचमध्ये लोण्यात सुरी जावी तशी गेली. जीप पहिल्या फटक्यात सुरू झाली. आम्ही टाळ्या दिल्या, चाचांनी हात जोडले.

आणि जीप उभ्या उभ्या कापायला लागली. आधीपेक्षा जास्त.

"चाचा, हे काय?" मी विचारलं.

चाचा दुखावले. "बाई, चाबीचं काम गाडी चालू कराचं हाये. नाचू नको मनाचं नाई."

व्याहाड

नदीच्या अलीकडे व्याहाडला पोचेस्तोवर ऊन डोक्यावर आलं होतं आणि पट्टा चिमणीसारखा चिवचिवत होता. एका वडाखाली थांबलो. शकीला पिशव्या हलवायला गेली आणि तिची किंकाळी ऐकू आली. एका पिशवीला बारीक भोक पडलं होतं. पिशवी हवा गेलेल्या फुग्यासारखी बसली होती आणि आतले मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. सगळे. शकीला मटकन रस्त्यावर बसली आणि रडायला लागली. "सुमनबाईले काय सांगू मी?"

मला रडू आलं नाही. मला राग आला, त्या पुलीचा. पर्समध्ये माझ्या खडूचा तुकडा असतो, शिक्षकांच्या असतोच. मी बॉनेट उघडलं आणि पुलीच्या मधल्या बोल्टावरून थेट पुलीच्या काठापर्यंत एक सरळ पांढरी रेघ ओढली. "चालू कर. आता एकदा जोरात पाय दे. बंद कर."

रेघ तुटली होती! बोल्टावरचा तुकडा एकीकडे, पुलीवरचा दुसरीकडे. म्हणजे शाफ्ट, इंजिनाचा आतला दांडा, फिरत होता आणि पुली त्याच्यावर आपल्या मर्जीनं घसरत होती. तिला शाफ्टाशी बांधून ठेवणारं काहीतरी आत सुटलं होतं. आणि मग वडिलांच्या लाँचचं इंजिन मला लख्ख आठवलं. शाफ्टात एक खाच असते, त्या खाचेत चिमुकल्या करंजीसारखा एक अर्धगोल लोखंडी तुकडा बसतो, अर्धा शाफ्टात, अर्धा चाकात. तो दोघांना एकत्र फिरवतो. आमचे मिस्त्री त्याला 'की' म्हणायचे. 'की बसव', 'की तुटली'. लहानपणी मला तो 'असे की, तसे की' मधलाच की वाटायचा.

"की!" मी ओरडले.

"काय की?" शकीला डोळे पुसत म्हणाली.

"अगं की! की म्हणजे इंग्रजीत काय? चावी! जावेदभाई स्विचची चाबी नव्हते सांगत, इंजिनातली सांगत होते!"

 स्टिअरिंगवर बसल्या बसल्या, गालावर पाणी तसंच असताना, शकीला जी हसत सुटली! "चाचाजवळून चाबी बनवून आनली आपन!" मीही हसले. हसता हसता दोघींनी पिशव्या हलवायला घेतल्या.

त्याच वडाला लागून ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस. चिखलानं माखलेले ट्रॅक्टर ओळीनं उभे, मालक खर्रा चघळत बसलेले. खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारी प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला इकडचा प्राणवायू. मिस्त्री भास्करभाऊ एका ट्रॅक्टरखाली होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "प्लग पाह्यले काय?"

"प्लग पाहिले, कार्बुरेटर पाहिला, पेट्रोल पाहिलं. खडूची रेघ मारली, ती तुटली. पुलीची चाबी गेली आहे."

भास्करभाऊ बाहेर आले. माझ्याकडे, मग रेघेकडे पाहिलं. "थ्या पुलीच्या मांगं टायमिंगचं चाक बी त्याच चाबीवर असते. थे हाललं तं ठिणगी येळेवर पडत नाई. उभ्या गाडीत मालूम पडते, पळत्या गाडीत झाकून जाते." म्हणजे दुखणं एकच होतं! मला इतका आनंद झाला की त्यांचा काळाकुट्ट हात धरून हलवावासा वाटला.

पण ओळ होती. एक मालक कुरकुरला, "आमचा रोवणा थांबला ना वो बाई." शकीला एक पिशवी घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. त्यानं आत वाकून पाहिलं. "हे कोनाचे?" शकीलानं सुमनबाईंची सगळी हकिकत सांगितली, सोमाभाऊंच्या वाक्यासकट. तो मालक तोंडातला खर्रा थुंकून आला आणि हात पुढे करून म्हणाला, "आना इकडं. किती जोरानं हालवाचं?"

ते दृश्य मी विसरणार नाही. वडाच्या पारावर मोठमोठे मिशाळ गडी मांडी घालून बसले होते, प्रत्येकाच्या मांडीवर एक पिशवी, आणि सगळे लेकरू निजवावं तसे डुलत होते. कुणी जास्त हलवलं की दुसरा दटावायचा, "हळू बे, चक्कर येईन त्याईले!"

भास्करभाऊंनी पुली ओढून काढली. चाबी बाहेर आली ती एका अंगानं पार खाल्लेली होती, नि शाफ्टातली खाचही रुंदावली होती. ह्या मापाची नवी चाबी त्यांच्याकडे नव्हती. ट्रॅक्टरची होती, ती मोठी. ते ती कानशीनं घासायला बसले. मी म्हटलं, खाच रुंद आहे, बाजूला पत्र्याची बारीक पट्टी घाला, आमच्याकडे बोटीला घालतात. ते म्हणाले पट्टी सरकेल. आमचं चांगलंच वाजलं. शेवटी पट्टी बसली आणि त्यांनी बोल्ट पान्यानं असा आवळला की त्यांच्या मानेच्या शिरा उभ्या राहिल्या.

"परमनंट नाई," ते म्हणाले. "पन चामोर्शीपतोर जाईन."

शकीलानं किल्ली फिरवली. पुली ताठ, पट्टा गप्प, आणि आरशात मला माझं एकच तोंड दिसलं. पारावरून आरोळी उठली.

वैनगंगा

पुलावर मी शकीलाला थांबू दिलं नाही, आता थांबणं नकोच होतं. पण मी उभी राहिले. फळ्यावरची माझी निळी रेघ बोटाच्या जाडीची असते. ही नदी एका काठावरून दुसरा काठ बघताना डोळे बारीक करायला लावणारी, तांबूस, रुंद, निवांत. आमच्या नद्या डोंगरावरून उड्या मारत येतात नि दिवसभरात समुद्राला भेटून मोकळ्या होतात. हिला कसलीच घाई नव्हती. घाई आम्हाला होती. गडचिरोली गाव कधी आलं नि गेलं मला कळलंच नाही.

तलाव

उन्हं कलली होती तेव्हा पोचलो. तलावाच्या बांधाला इकडे पाळ म्हणतात. पाळीवर बायका ओळीनं उभ्या होत्या, आणि जरा लांब मोहाच्या झाडाखाली पुरुष बसले होते, सहज आल्यासारखे. त्यात पांढऱ्या मिशांचे सोमाभाऊ असणार हे न सांगता कळलं.

सुमनबाई बारीक, काटक, बोलायला कमी. शकीलानं आधी फुटकी पिशवीच त्यांच्यापुढे धरली. "बाई, एवढे वाचवता नाई आले." सुमनबाईंनी त्यातली एक बोटुकली तळव्यावर घेतली, पाहिली, परत ठेवली. "बाकीचे पाहू," एवढंच म्हणाल्या आणि लुगडं खोचून पाण्यात उतरल्या.

पिशव्या लगेच उघडत नाहीत. बंदच पाण्यावर सोडतात, आतलं पाणी नि तलावाचं पाणी एकसारखं होऊ देतात. बायका कमरेएवढ्या पाण्यात पिशव्यांना नुसता हात लावून उभ्या राहिल्या. मीही सलवार भिजवून उतरले, राहवलं नाही. मग सुमनबाईंनी पहिली पिशवी सोडली आणि तिचं तोंड कलतं केलं. मासे बाहेर येईनात. तळाशी गोळा होऊन निपचित बसले.  सुमनबाईंनी हात घालून पाणी जरासं ढवळलं, तशी चांदीची एक रेघ निघाली आणि गढूळ पाण्यात दिसेनाशी झाली.

सगळ्या पिशव्या रिकाम्या झाल्या. आणि मग काहीच नाही! तलाव आधी होता तसाच. एवढी धडपड करून आणलेलं सगळं पाण्यानं गिळलं होतं. जगले की तळाशी जाऊन मेले, कोण सांगणार? मोहाखालून कुणीतरी तेच बोललं, आम्हाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"जेवून घ्या पयले," सुमनबाई म्हणाल्या.

पाळीवरच पानं मांडली. भात, आणि जवसाच्या वाटणातला मासा. आमच्या नारळाच्या आमटीपुढे हे रांगडं, खमंग. मी दोनदा भात घेतला, पण शकीलाचं पान तसंच होतं. ती तलावाकडे बघत होती. सगळ्याच बघत होत्या.

जेवणं झाल्यावर सुमनबाईंनी सुपात भाताचा कोंडा आणि कुटलेली ढेप, म्हणजे तेलबियांची पेंड, घेतली. पाण्याच्या काठाला उभ्या राहून त्यांनी एक मूठ लांब भिरकावली. कोंडा पसरला, तरंगला.  मग एका जागी पाणी टोचल्यासारखं हललं. शेजारी आणखी एक. आणि बघता बघता ऊन नि पाणी सगळं उकळायला लागलं, शेकडो इवली तोंडं कोंडा ओढत होती! बायका किंचाळल्या. शकीलानं मला मिठी मारली, मी तिला उचललं, आम्ही दोघी चिखलात पडता पडता वाचलो.

मोहाखालचे पुरुष उठून काठाशी आले होते. सोमाभाऊ सगळ्यांच्या पुढे. उन्हाला कपाळावर हात आडवा धरून त्यांनी पाण्याकडे पाहिलं.

"जगले बावा," ते म्हणाले.

सुमनबाईंनी सुपातली दुसरी मूठ भरली. मागे वळून पाहिलं नाही.

"जगले नाई, भाऊ. जगवले म्हना."